हिरव्या ठिपक्याच्या मागची बाजू

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सांगलीच्या पेठेतील एका जुन्या किराणा व सुकामेव्याच्या दुकानात, माळ्यावर भेटीचे 180 डबे रचून तयार होते. प्रत्येक डब्यात तासगावचे बेदाणे, काजू, बदाम, खारे पिस्ते आणि लहान मुलांसाठी रंगीत, चकचकीत साखरबदामांचे एक छोटे पाकीट. झाकणावर सोनेरी अक्षरांत दुकानाचे नाव आणि त्याखाली एकच शब्द, ‘जैन’. हा शब्द छापून घेण्याची कल्पना दुकानाचे कर्ते अण्णा यांचीच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती अमलात आणली आणि तेव्हापासून डब्यांची मागणी वाढत गेली. समाजातील व्यापारी मंडळी आपल्या गिऱ्हाइकांना, व्याह्यांना आणि दिवाणजींना हेच डबे पाठवू लागली.

अण्णांनी हा शब्द हलक्या हाताने छापला नव्हता. डब्यात अंजीर घालावयाचे नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरविले. कारण वड, पिंपळ, उंबर, पाकर यांच्या जोडीने अंजिराचीही गणना पंच उदुंबरांत होते आणि अष्टमूलगुण पाळणाऱ्या घरात ते चालत नाही. मधात घोळविलेले बदाम घेऊन एक विक्रेता आला असता, ‘मधु’ हा शब्दही या डब्यात नको, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठविले होते. जुन्या पद्धतीने केलेला चांदीचा वर्ख जनावरांच्या कातड्याच्या किंवा आतड्याच्या पानांत कुटला जातो, हे माहीत असल्याने वर्ख लावलेली मिठाईही त्यांनी डब्याबाहेर ठेवली. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला आपल्या शब्दाविषयी खात्री वाटावी, यात नवल नव्हते.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून घरातील मंडळी माळ्यावर डबे मोजीत बसली होती. बारा वर्षांच्या नातीला शाळेत खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरील मजकूर वाचण्याचा एक उपक्रम दिलेला होता. तिने साखरबदामांचे पाकीट उलटे केले आणि मोठ्याने वाचता वाचता ती थांबली. ‘‘आई, चकाकी आणणारा घटक 904. म्हणजे काय गं?’’

सूनबाईंनी पाकीट हाती घेतले. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्रातले. क्षणभर त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘अण्णा, ही लाख आहे. बांगड्यांची आणि फर्निचरच्या पॉलिशची असते, तीच. स्वच्छ करून मिठाईवर तिचा पातळ थर देतात.’’

‘‘पण ठिपका तर हिरवा आहे,’’ अण्णा म्हणाले.

ठिपका हिरवाच होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता.

लाख हा झाडाचा डिंक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि आपल्या शरीरातून स्रवणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती तयार करतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून, कुटून आणि धुऊन लाख काढली जाते. या साऱ्या क्रियेत त्या जीवांचे काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हीच शुद्ध केलेली लाख पुढे गोळ्याचॉकलेटांच्या चकाकीसाठी आणि औषधी गोळ्यांच्या आवरणासाठी वापरली जाते.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहण्यासारखे आहे. पाकिटांवरील शाकाहार-मांसाहाराची चिन्हे 2001 सालापासून आली. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला. 2020 च्या लेबलविषयक नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, म्हणजे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही आकारावरून भेद कळावा. याच नियमांतील व्याख्येनुसार प्राणी, पक्षी, मासे, कीटक, अंडी किंवा प्राणिजन्य पदार्थ ज्यात आहे ते अन्न मांसाहारी ठरते. परंतु दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांना त्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो, लाखेच्या चकाकीवरही असतो, आणि बटाटा, कांदा, लसूण यांच्यावर तर असतोच. हा ठिपका साऱ्या देशातील शाकाहारी माणसांसाठी केलेली एक स्थूल खूण आहे. जैन स्वयंपाकघराच्या मर्यादा सांभाळणे हे तिचे काम नव्हे, आणि तिने ते कधी अंगावर घेतलेलेही नाही.

माळ्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग थोरला मुलगा म्हणाला, ‘‘अण्णा, हा एवढासा थर. कायद्यात बसतो. डबे बांधून झाले आहेत, निम्म्यांची आगाऊ रक्कमही आली आहे. पुढच्या वर्षी बदलू.’’ त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. हंगामाच्या तोंडावर दुकानात उसंत नव्हती, आणि 180 डबे पुन्हा उघडून बांधावयाचे म्हणजे दोन माणसांचे दोन दिवस.

आजींचे मत निराळेच होते. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून मी सांगत असते, पाकिटातले काही घरात आणू नये. आमच्या वेळी चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य यायचे. तूरडाळीला एरंडेल चोळायचे, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, पापड-कुरडया अंगणात वाळायच्या. कुठला क्रमांक नि कुठली चकाकी!’’

यावर सूनबाई नम्रतेने पण स्पष्टपणे बोलल्या. ‘‘आई, धान्याचे तुमचे खरे आहे. पण गेल्या महिन्यात आपण कोपऱ्यावरून सुटी शेव आणि भडंग आणले. ती शेव ज्या तेलात तळली, त्यात आधी कांदाभजी तळली होती की बटाट्याचे वेफर्स, हे कुणी सांगितले? पाकीट निदान मागच्या बाजूला खरे लिहिते. सुट्या मालाला मागची बाजूच नसते.’’

आजी गप्प झाल्या. रागावून नव्हे, हा मुद्दा त्यांना नवा होता. सांगली-जयसिंगपूरच्या भडंगाची खरी चव लसणात असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्या ‘जैन भडंग’ मागून घेत. पण मागून घेणे आणि खात्री करून घेणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यांच्या त्या वेळी ध्यानात आले.

घरोघरी या विषयावर अशीच मतभिन्नता आढळते. जुन्या पिढीचा विश्वास माणसावर असतो, नव्या पिढीचा छापील अक्षरावर. दोन्ही विश्वास आपापल्या जागी योग्य आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. ओळखीचा दुकानदार खोटे बोलत नाही, परंतु त्यालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी त्याच्या बरणीत असू शकतात. पाकीटही बहुधा खोटे बोलत नाही, पण ते क्रमांकांच्या भाषेत बोलते, आणि ती भाषा शिकून घ्यावी लागते. मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान मागविण्याची सवय लागल्यापासून तर अडचण अधिकच वाढली आहे. कारण पडद्यावर पाकिटाची पुढची बाजू ठळक दिसते आणि मागची बाजू उघडून पाहण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेते.

ही क्रमांकांची भाषा फार अवघड नाही. 120 म्हणजे कोचिनील या किड्यापासून काढलेला लाल रंग. 901 म्हणजे मधमाश्यांचे मेण, 904 म्हणजे लाख. 322 हे लेसिथिन सोयाबीनपासूनही होते आणि अंड्यापासूनही. 471 हा घटक वनस्पतींच्या तेलातूनही मिळतो आणि प्राण्यांच्या चरबीतूनही. या शेवटच्या दोहोंच्या बाबतीत हिरवा ठिपका उपयोगी पडतो, कारण ठिपका हिरवा असेल तर स्रोत वनस्पतीचा असणे बंधनकारक आहे. 901 आणि 904 यांच्या बाबतीत मात्र ठिपक्यावर विसंबून भागत नाही. याखेरीज कांदापूड, लसूणपूड, बटाट्याचा स्टार्च आणि यीस्ट हे शब्द घटकांच्या यादीत शोधावे लागतात. आणि जेथे नुसते ‘मसाले’ एवढेच लिहिलेले असते, तेथे त्यात लसूण आहे की नाही हे वाचून कळत नाही, विचारावेच लागते. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, नुसता क्रमांक छापून न थांबता तो घटक वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेत केलेला आहे, हेही ग्राहकाला कळले पाहिजे; प्रमाण कितीही अल्प असले तरी. आपल्या ताटात काय आहे हे जाणण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. त्या अधिकाराचा उपयोग करण्यासाठी पाकीट उलटे करण्याचे श्रम मात्र ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात.

त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही. मुलाचे म्हणणे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. पाकीट कंपनीचे होते, ठिपका सरकारमान्य होता, आणि या दोन्ही गोष्टींची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. परंतु झाकणावरचा तो एक शब्द कंपनीने छापला नव्हता, सरकारनेही नव्हता. भारतात शाकाहाराला चिन्ह आहे, 2022 च्या नियमांनी वीगन पदार्थांनाही स्वतंत्र चिन्ह दिले. ‘जैन’ या शब्दाला असे कोणतेही सरकारी चिन्ह नाही. तो शब्द जो छापतो, त्याच्या चारित्र्याखेरीज त्याला दुसरा आधार नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कमी-अधिक वजनमापे वापरणे हा एक, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक वस्तू दुसरीच म्हणून देणे, हा दुसरा. अण्णांच्या वडिलांनी दुकानातील तराजूची पारडी रोज सकाळी पुसून घेण्याचा शिरस्ता घातला होता, तो आजही चालू आहे. वजनात एक मासा फरक पडू नये म्हणून जपणारा माणूस शब्दात फरक पडलेला चालवून घेईल काय, हा प्रश्न अण्णांच्या समोर रात्रभर उभा होता. अजाणता झालेली चूक ही चूकच असली तरी तिला क्षमा असते. समजल्यानंतर पाठविलेल्या पहिल्या डब्यापासून मात्र तिचे नाव बदलते.

सकाळी मंदिरातून परतल्यावर त्यांनी माळ्यावर जाऊन स्वतःच पहिला डबा उघडला. मुलगा काही बोलला नाही. त्याने दुसरा उघडला. दुपारपर्यंत दुकानातील दोन माणसे, आजी, सूनबाई आणि नात अशी सारी मंडळी कामाला लागली. साखरबदामांच्या जागी घरात तुपावर भाजलेल्या, सैंधव आणि मिरपूड लावलेल्या मखान्यांची पुडी आली. मखाने भाजण्याचे काम आजींनी कोणाकडे दिले नाही. काढून घेतलेली पाकिटे दुकानात वेगळी ठेवून, त्यांत काय आहे ते सांगूनच विकण्याचे ठरले. पण ‘जैन’ हा शब्द असलेल्या वस्तूंच्या शेजारी ती ठेवावयाची नाहीत, असेही ठरले. डब्यामागे सुमारे 75 रुपयांचा भार पडला, म्हणजे 13,500 रुपये, आणि दोन दिवसांची मजुरी निराळी. कोणत्याही गिऱ्हाइकाकडून एक रुपया जास्त घेतला नाही.

येथवरचे काम कष्टाचे होते. याहून अवघड काम पुढे होते. गेल्या वर्षीचे डबे पाठवून झाले होते आणि खाऊनही झाले होते. त्यांतही हेच पाकीट होते. ‘‘ते आता कोण उकरून काढणार? उलट लोकांच्या मनात शंका येईल,’’ असे मुलाला वाटत होते, आणि ती भीती खोटी नव्हती. व्यापारात नाव कमवायला तीन पिढ्या लागतात. पण अण्णांनी जुनी वही काढली आणि गेल्या वर्षी डबे नेलेल्या प्रत्येक घरी दूरध्वनी केला. सांगण्यात आडपडदा ठेवला नाही. डब्यातील एका पाकिटावर लाखेची चकाकी होती, आमच्या लक्षात आले नाही, दोष आमचा आहे, ज्यांचा नियम असेल त्यांनी आपल्या रीतीने प्रायश्चित्त घ्यावे आणि आम्हांला क्षमा करावी, एवढेच ते म्हणत.

कोणी हसून ‘‘एवढ्याचे काय घेऊन बसलात!’’ म्हणाले. एका वृद्ध श्राविकेने बराच वेळ काही उत्तरच दिले नाही. शेवटी ‘‘मी तो खाल्ला होता,’’ एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. अण्णांच्या मनाला तो शब्द फार लागला. एका व्यापाऱ्याने या वर्षीची मागणी रद्द केली. दुसऱ्या एकाने आपल्याच दुकानातील गोळ्यांची बरणी तपासून पाहिली आणि संध्याकाळी सूनबाईंना फोन करून 904 बरोबर आणखी कोणते क्रमांक पाहावयाचे ते लिहून घेतले. पुढच्या चार दिवसांत अशीच सात-आठ घरांतून विचारणा झाली. शेवटी नातीने तो तक्ता एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिला आणि दुकानाच्या काउंटरवर लावला.

डबे पोहोचते झाल्यावर अण्णांनी घरच्या मंडळींना बाहेर जेवावयास नेले. सूर्य मावळण्यापूर्वी उठता यावे म्हणून साडेचारलाच सगळे निघाले. कार्तिकाच्या तोंडावर सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नागपुरात राहणाऱ्या धाकट्या मुलीला तर याहून घाई करावी लागते, कारण तेथील सूर्य मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे आधी मावळतो. मुंबईचे कोष्टक पाहून तेथे जेवावयास बसणाऱ्याचा नियम घड्याळ पाहूनही मोडतो.

उपाहारगृहाच्या पत्रिकेत जवळजवळ प्रत्येक पदार्थापुढे ‘जैन करून मिळेल’ असे लिहिले होते. एरवी आजींनी ‘‘जैन द्या’’ एवढे सांगून विषय संपविला असता. त्या दिवशी त्यांनी वाढप्याला जवळ बोलावून गोडीने विचारले, ‘‘बाळा, तुमच्याकडे जैन म्हणजे काय काय घालत नाहीत?’’ तो म्हणाला, ‘‘कांदा-लसूण नाही, आजी.’’ ‘‘आणि बटाटा? आले?’’ तो गोंधळला आणि आत विचारून आला. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालता येईल, परंतु पनीरच्या भाजीची ग्रेव्ही सकाळीच कांदा-लसूण घालून केलेली असते, जैन पदार्थासाठी टोमॅटो-काजूची निराळी करावी लागेल आणि वीस मिनिटे लागतील, असे आचाऱ्याने कळविले. शेजवान चटणीत लसूण असतोच, आणि बाटलीतील सॉसमध्ये कांदा-लसूण आहे की नाही हे बाटली पाहूनच सांगता येईल, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ‘‘तवा धुऊन घेतो,’’ असे तो आपण होऊन म्हणाला. वीस मिनिटे लागली खरी; पण कोणी तक्रार केली नाही.

बाहेर असे विचारणे पुष्कळांना संकोचाचे वाटते. आपण दुसऱ्याला त्रास देत आहोत, उगाच मोठेपणा मिरवीत आहोत, असे वाटते. वस्तुतः आवाज न चढविता, आभार मानून विचारलेला प्रश्न कोणालाही जड होत नाही. जड होते ती हुकमत. आणि जेथे उत्तर समाधानकारक मिळत नाही, तेथे साधा वरण-भात आणि तूप मागून घेण्याने कोणाचीच अप्रतिष्ठा होत नाही.

प्रश्न विचारणाऱ्यालाही कधी कधी प्रश्न येतात. त्या टेबलाशेजारी बसलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी थट्टेने विचारले, ‘‘आजी, हळद हाही कंदच ना? मग सांगलीच्या हळदीचे काय?’’ आजी मुळीच रागावल्या नाहीत. ओली हळद आणि ओले आले घरात वर्ज्य असते; वाळून निर्जीव झालेली हळद आणि सुंठ पूर्वापार चालत आली आहे, आणि तीही चिमूटभरच, असे त्यांनी समजावून सांगितले. मग हसून त्या म्हणाल्या, ‘‘आमचे सगळेच चोख आहे असे नाही हो. मागच्याच आठवड्यात आमच्याच दुकानात चूक निघाली.’’ ते गृहस्थ ऐकत राहिले. थट्टेचा सूर मग उरला नाही.

आजींच्या या वाक्यात साऱ्या प्रसंगाचे सार आहे. आहाराचा नियम दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासाठी नसतो. सासूने सुनेचे पाकीट तपासावे किंवा सुनेने सासूची सुटी शेव मोजावी, यासाठी तर नाहीच नाही. जयणा हा शब्द प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताकडे पाहावे म्हणून आहे. ज्या घरात धान्य निवडणे, पाणी गाळणे आणि सूर्यास्ताची वेळ सांभाळणे ही कामे वर्षानुवर्षे स्त्रियांच्याच अंगावर राहिली, त्या घरातील पुरुषांनी आता निदान पाकिटाची मागची बाजू वाचण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. दुकानातून माल तेच तर आणतात, आणि अनेकदा विकतातही तेच.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी दुकानात नव्या वहीचे पूजन झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मंदिरात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू अर्पण करून आल्यावर अण्णांनी वहीत पहिल्या नोंदी केल्या. 13,500 रुपयांचा आकडाही त्यांनी लिहिला. मुलाने विचारले, ‘‘हा कोणत्या खात्यावर टाकायचा?’’ अण्णा म्हणाले, ‘‘मालाच्या खरेदीवर. विकत घेताना जे पाहायला हवे होते, ते पाहिले नाही. तेवढी ती खरेदी महाग पडली.’’

त्या सकाळी दहाच्या सुमारास दुकानात एक वृद्ध श्राविका आल्या. फोनवर फार न बोललेल्या त्याच. त्यांनी काउंटरवरील पुठ्ठ्याचा तक्ता चष्मा सावरून सावकाश वाचला. मग पिशवीतून घरातील दोन बिस्किटांचे पुडे काढून नातीपुढे ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘बाळ, यांची मागची बाजू मला वाचून दाखव.’’